ताम्हिणीकडची बाई

भरे, ता. मुळशी
१८ फेब्रुवारी १९६२

श्रीमती ग्रंथपाल, महिला वाचनालय, पुणे यांना भरे येथील हैबतराव गोळे याचा नमस्कार.

आमच्या घरातील लीलाबाई हैबतराव गोळे या आपल्या सभासद होत्या, क्रमांक ११४. त्या २१ जानेवारी रोजी पुण्याला इस्पितळात वारल्या. त्यांच्याकडे आपली तीन पुस्तके राहिली होती. नेहमीप्रमाणे ती सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिली आहेत. कळवण्यास महिना लागला, त्याबद्दल क्षमा असावी.

क्रमांक ५८७ च्या पुस्तकात पान १३६ वर आंब्याचे वाळलेले पान खुणेला ठेवलेले आहे. पुढचे वाचायचे राहिले असे दिसते. पान तसेच ठेवले आहे. आपल्याकडे चालत नसल्यास काढून टाकावे.

सभासदत्व बंद करावे. कापडी पिशवी मात्र त्याच कंडक्टरबरोबर परत पाठवावी. ती तिने शिवलेली आहे.

आपला,
हैबतराव गोळे


पुणे, २४ फेब्रुवारी १९६२

हैबतराव यांस,

तुमचे पत्र वाचून मी पिशवी तशीच टेबलावर ठेवली आणि बराच वेळ उघडली नाही. नऊ वर्षे दर महिन्याला ती पिशवी आली. लीलाबाईंना मी प्रत्यक्ष दोनदाच भेटले, पण त्यांचे अक्षर मला रोजच्या माणसासारखे ओळखीचे आहे.

ते कसे, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे एक रीत आहे. पुस्तक वाचून झाले की सभासदाने चार ओळी अभिप्राय लिहून द्यायचा. ती चिठ्ठी आम्ही पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवतो, म्हणजे पुढच्या वाचणारीला उपयोग होतो. पुष्कळ बायका "छान आहे" एवढेच लिहितात. लीलाबाईंच्या चिठ्ठ्या वाचायला म्हणून काही सभासद पुस्तक नेत.

पुस्तकांवर त्यांचा जीव होता. गेल्या जुलैत पूर आला तेव्हा त्यांचे लगेच कार्ड आले की पुस्तके सुखरूप आहेत ना. खालचे वाण्याचे दुकान पार बुडाले होते, पण वाचनालय दुसऱ्या मजल्यावर, एक पानही भिजले नाही. तसे कळवल्यावर त्यांचे पुन्हा कार्ड आले, "जेवण गेले आज."

पिशवी परत पाठवत आहे, पण रिकामी पाठवणे मला जमले नाही. क्रमांक २६६ चे पुस्तक आत आहे. त्याच्या मागे लीलाबाईंनी जे लिहिले आहे त्याचा अर्थ मला चार वर्षांत लागलेला नाही. तुम्हाला लागेल असे वाटते. सभासदत्व तूर्त चालू ठेवते. हे बायकांचे वाचनालय आहे, त्यामुळे तुमचे नाव घालता येणार नाही. क्रमांक ११४ राहू दे.

सगुणाबाई ढमाले


भरे, २० मार्च १९६२

सगुणाबाई यांना नमस्कार.

पुस्तक मिळाले. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेलो आहे, पण शाळा सुटल्यावर गोष्टीचे पुस्तक हातात धरलेले नाही. माझ्या परड्यात सरकारी पर्जन्यमापक आहे. सकाळी आठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा, एवढेच माझे लिहिणे-वाचणे. बाकी भातशेती.

मी आधी मागचा पुठ्ठाच उघडला. चिठ्ठी अशी आहे:

"घरच्यांनी या म्हाताऱ्यासाठी तांदूळ नेले. याहून मोठा अभिप्राय मला लिहिता येणार नाही. नेरे."

अर्थ मला लगेच लागला, तरी आधी पुस्तक वाचले. सतरा दिवस लागले. त्यात तीन मुलांचा बाप आहे. मुलांनी वर्षाचे बारा महिने वाटून घेतले आहेत, प्रत्येकाकडे चार-चार महिने. मग अधिक महिना येतो. तेरावा महिना कोणाचा, म्हणून कोणीच बापाला घेत नाही आणि म्हातारा महिनाभर देवळात राहतो.

ही गोष्ट मला चार वर्षांपूर्वीच ठाऊक होती. अधिक श्रावण होता. तिने मला सांगितले होते की नेऱ्याला असा एक म्हातारा आहे. मी ती खरी धरली. दोन दिवस मनातून जाईना, म्हणून पायलीभर तांदूळ घेऊन घोटावड्यावरून पायी नेऱ्याला गेलो. म्हाताऱ्याला महिनाभर आपल्याकडे आणावा असा विचार होता. देवळात कोणी नव्हते. पारावर विचारले तर लोक चिडले. एक जण म्हणाला, "असली पोरं आमच्या गावात न्हाईत. भऱ्यात असत्याल, तितं बघा." तांदूळ घेऊन परत आलो. घरी आल्यावर तिला रागे भरलो. ती खाली मान घालून म्हणाली की ऐकण्यात चूक झाली असेल, दुसरे गाव असेल. तिचे डोळे ओले होते. चुलीच्या धुराने असतील असे मला वाटले.

आता कळते ते असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती मला एक पुस्तक वाचून दाखवायला बसली होती. मी म्हणालो होतो की लटक्या गोष्टी मला नकोत. त्यानंतर तिने कधी पुस्तक पुढे केले नाही. पण भुकूमची एक बाई, नेऱ्याचा एक म्हातारा, असे ती रोज काही ना काही सांगत असे. मला वाटे, हिला गावोगावच्या बातम्या कोण आणून देते. बावीस वर्षे मी पुस्तकेच ऐकत होतो आणि मला ते माहीत नव्हते.

आणखी चिठ्ठ्या असतील तर पाठवाव्यात. कारण सांगतो. तिला छातीत गाठ होती. मार्गशीर्षात तिने मला सांगितले, तोवर काखेपर्यंत पसरली होती. डॉक्टरांनी मला विचारले, इतके दिवस काय करत होतात. मला उत्तर देता आले नाही. तिला आधीपासून कळले होते का, आणि कळले असेल तर मला का सांगितले नाही, हे मला पाहिजे आहे. ती माझ्याशी बोलली नाही, पण कागदाशी बोलली असेल.

५८७ चे पुस्तकही परत पाठवावे. आंब्याचे पान काढले नसेल तर बरे.

हैबतराव


पुणे, २६ मार्च १९६२

हैबतराव,

नेऱ्याची हकीगत वाचून मी हसले आणि मग हसल्याचे वाईट वाटले. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीखाली गावाचे नाव असते. मी समजत होते, त्या गावच्या कोणाला तरी त्या पुस्तक वाचायला देत असाव्यात. एकदा इथे आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "घरी माझे एक वाचक आहेत. ते वाचत नाहीत, पण माझ्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतात." कोण ते मी विचारले नाही.

ती गावे मलाही परकी नाहीत. माझे माहेर मुळशीच्या धरणात गेले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

५८७ पाठवते. पान होते तिथेच आहे. बरोबर चिठ्ठ्या असलेली आणखी दोन आहेत. एक अट घालते. वाचणाऱ्याने अभिप्राय लिहायचा ही रीत ११४ ला आजवर कधी मोडावी लागली नाही. तुम्हीही मोडू नका. दुखण्याविषयी काही दिसले तर कळवा. मीही बघते.

सगुणाबाई


भरे, २ मे १९६२

सगुणाबाई यांना नमस्कार.

गेल्या महिन्यात तीन पुस्तके वाचून झाली. मला सुचले तसे लिहितो. नावे माझ्या लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात.

३०९ मध्ये एका गृहस्थाने हिमालयात केलेला प्रवास आहे. बर्फाचे वर्णन चांगले आहे. पण एकवीस दिवस हा मनुष्य काय खात होता ते कुठेही लिहिलेले नाही. तिच्या चिठ्ठीतही हेच आहे: "लेखकाला जेवायला कोण वाढत होते ते त्याने सांगायला हवे होते." आम्हा दोघांना एकच गोष्ट खटकली हे पाहून मला पुस्तक बंद करून बाहेर जावे लागले. खाली गाव लिहिलेले नाही. प्रवास कोणत्या गावाला नेणार, म्हणून तो मला सांगितलाच नसावा.

४१२ ही कादंबरी आहे. त्यात एका रात्रीत पावसाने अख्खी पेठ वाहून जाते आणि सकाळी नायक त्याच रस्त्याने कोरड्या पायांनी चालतो. हे होत नाही. एवढ्या पावसाला निदान पंधरा इंच पाहिजेत आणि उतरायला दोन दिवस. लेखकाने कोणा मोजणाऱ्याला विचारायला हवे होते. तिची चिठ्ठी: "पाऊस चुकला आहे. घरी सांगताना तीन इंचांवर आणला. भुकूम."

माझ्यासाठी ती पावसाचे माप सुद्धा दुरुस्त करून सांगत होती.

तिसरे ५८७. त्याचे असे झाले. आमच्याकडे फुलाबाई कामाला येते, वरच्या वाडीची. लावणीला या दोघी शेजारी-शेजारी असत. परवा भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे होते, तर पाला पसरता पसरता मला म्हणाली, "मालक, त्या भुकूमच्या शिवणवालीचं पुढं काय झालं? मालकिणीनं मशीन इकायला काढल्यापातुर सांगितलं व्हतं."

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

"आता गं! भुकूमवरनं रोज एस्टी जाती आन् तुमाला ठावं न्हाई?"

मग मला कळले की पान १३६ म्हणजे हेच. त्या दिवसापर्यंत मी ते पुस्तक उघडले नव्हते. आंब्याच्या पानापुढचे आधी वाचले, मग सुरुवात वाचली. दुसऱ्या दिवशी बांधावर बसून फुलाबाईला सांगितले. मला सांगता येत नाही, तिने चारदा मध्येच विचारून घेतले. शेवटी ती बाई मशीन विकत नाही, आफ्रिकेला गेलेला नवरा परत येतो आणि ती त्याला घरात घेते, असे आहे. फुलाबाईला ते पटले नाही. म्हणाली, "मालकिणीच्या तोंडची बाई खमकी व्हती. तिनं न्हाई घेतला असता. तुमी कायतरी इसरला."

५८७ वर मी चिठ्ठी लिहिलेली नाही. ती तिची जागा आहे.

दुखण्याचा उल्लेख अजून कुठे नाही. पुढची पुस्तके पाठवावीत.

हैबतराव


पुणे, ९ मे १९६२

हैबतराव,

तुमचे अभिप्राय इथे दोघी-तिघींना वाचून दाखवले, नाव न सांगता. ४१२ दोन वर्षे कोणी नेले नव्हते. आता "पंधरा इंचांचे पुस्तक" म्हणून मागतात.

फुलाबाईंना सांगा, त्यांचे बरोबर आहे. मलाही तो शेवट कधी पटला नव्हता.

या खेपेला तीन पाठवते. ५८७ तुमच्याकडेच असू द्या. लीलाबाईंच्या चिठ्ठ्या असलेली अजून दोनशेच्या वर पुस्तके आहेत. महिन्याला तीन म्हणजे किती वर्षे होतील ते तुम्हीच मोजा. पण तुम्ही काहीतरी शोधत आहात, आणि शोधणाऱ्याला असे थांबवून ठेवणे बरे नाही. काय शोधता ते नेमके लिहाल, तर मी इथे कपाटे बघेन.

सगुणाबाई


भरे, ९ जुलै १९६२

सगुणाबाई यांना नमस्कार.

तुमच्या पत्राला दोन महिने झाले. लावणीचे निमित्त सांगता येईल, पण लावणी आता सुरू झाली. खरे म्हणजे लिहायला धीर होत नव्हता. उद्या त्या गोष्टीला वर्ष होईल, म्हणून आज लिहितो.

गेल्या वर्षी दहा जुलैला, पुराच्या दोन दिवस आधी, साडेचार इंच पाऊस झाला होता. नोंद माझ्यापुढे आहे. सरकारने आता मिलिमीटर केले आहेत, मी मनात इंचच धरतो. संध्याकाळी ती चुलीपुढे बसून पायाच्या चिखल्यांना कोकमाचे तेल लावत होती. मी कंदिलाशी बसून वहीत सकाळचा आकडा पक्क्या शाईने लिहीत होतो. ती म्हणाली, "ताम्हिणीकडची एक बाई हाय. तिच्या छातीला गाठ आलीया. दुखत न्हाई काई. आता नवऱ्याला सांगावं का न्हाई, असं झालंय तिला."

मी म्हणालो, "आत्ता? लावणीच्या टायमाला?"

"व्हय. म्हणूनच तिला सुचंना."

"दुखत न्हाई न्हवं? मग लावणी उरकू दे म्हणावं. गाठ काय पळून जातीया?"

तिने दुसऱ्या पायाला तेल लावले. मग म्हणाली, "तसंच सांगते तिला."

मी म्हणालो, सांग.

दोन दिवसांनी पुण्यात पूर आला आणि सगळीकडे तेच बोलणे झाले. त्या बाईचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही. लावणी उरकली. मग बेणणी आली, मग कापणी, मग झोडणी. खळे रिकामे झाल्यावर तिने मला गाठ दाखवली. तेव्हाही मला ताम्हिणीची बाई आठवली नाही. ती आठवली मार्चमध्ये, तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीखाली "नेरे" वाचले तेव्हा. तेव्हापासून मी प्रत्येक चिठ्ठीखाली ताम्हिणी शोधतो आहे.

काल फुलाबाईला विचारले. तिला भुकूमच्या चारही बायका पाठ आहेत, नेऱ्याचा म्हातारा पाठ आहे. ताम्हिणीची म्हटल्यावर, रोप लावायला वाकलेली ती, उभी राहिली. म्हणाली, "ती न्हाई सांगितली कदी."

म्हणून तुम्हाला विचारतो. गाठ लपवणाऱ्या बाईचे पुस्तक तुमच्याकडे आहे का? असेल, तर ती मला नेहमीसारखे पुस्तक सांगत होती. नसेल, तर तिने मला विचारले आणि मी उत्तर दिले.

जे असेल ते कळवावे.

हैबतराव


पुणे, २८ जुलै १९६२

हैबतराव,

उत्तराला उशीर झाला. सगळी कपाटे बघितल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

असे पुस्तक होते. डोंगरातल्या एका बाईची गोष्ट होती, आणि ती दुखणे लपवते. लीलाबाईंनी ते गेल्या वर्षी जूनमध्ये परत केले. बारा जुलैच्या पुरात जी पुस्तके गेली त्यात तेही गेले. चिठ्ठी त्यातच होती. खाली ताम्हिणी लिहिलेले मला आठवते. पुस्तक आता मिळत नाही.

म्हणजे त्या नेहमीसारखी गोष्टच सांगत होत्या. तुमच्या उत्तराचा त्यांच्या दुखण्याशी संबंध नाही. पुस्तकातल्या बाईनेही कोणाच्या सांगण्यावरून उशीर केला नव्हता, ते तिचे तिनेच ठरवले होते. बायका असे ठरवतात. मी माझ्या घरात पाहिले आहे.

आता हे मनातून काढून टाका. जेवण वेळेवर करत जा. तीन पुस्तके पाठवते, त्यांतले एक हलकेफुलके आहे.

सगुणाबाई


भरे, ८ ऑगस्ट १९६२

सगुणाबाई यांना नमस्कार.

लावणी काल संपली. पुस्तके मिळाली.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी ते दोनदा वाचले आणि पटवून घेतले. चार रात्री मला झोप लागली. जानेवारीपासून तशी लागली नव्हती. त्या चार रात्रींबद्दल मी तुमचा ऋणी आहे आणि ते विसरणार नाही.

पाचव्या दिवशी तुमची सगळी पत्रे तारखेने लावून पावसाच्या वहीत ठेवत होतो. नोंदी तारखेने लावायची मला सवय आहे. फेब्रुवारीच्या पत्रात तुम्ही लिहिले आहे की पुरात वाचनालयाचे एक पानही भिजले नाही आणि ते ऐकून तिला जेवण गेले. ते वाचून मी वही मिटली.

मी तुम्हाला खोटे पाडण्यासाठी हे लिहीत नाही. दोनशे पुस्तकांचे मागचे पुठ्ठे तुम्ही एकेक करून उघडलेत, ते तुमच्या पत्रावरून दिसते. ताम्हिणी कुठे सापडले नाही, म्हणून तुम्ही ते पुस्तक पाण्यात ठेवलेत. तुमचे माहेर पाण्यात आहे. आपले माणूस जिथे ठेवावे तिथेच तुम्ही ते ठेवलेत, असे मी समजतो. तिनेही मला बावीस वर्षे अशाच गोष्टी सांगितल्या, माझ्या सोयीने दुरुस्त करून.

डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. तिला कळले होते. आणि तिने मला सांगितले होते.

परवा फुलाबाईने लावणीत विचारले, नवीन काही आहे का. तुमच्या हलक्याफुलक्या पुस्तकातले लग्न मी सांगायला घेतले. कोणत्या गावचे म्हणाली. मी पटकन माण म्हणालो. तिने विश्वास ठेवला. मला तिच्याकडे बघवेना.

सोबत ५८७ परत करतो. आंब्याचे पान आता शेवटच्या पानात ठेवले आहे. मागे तिच्या चिठ्ठीची जागा रिकामी राहिली होती. तिथे लावायला एक चिठ्ठी लिहिली आहे. ती त्या पुस्तकाची नाही, पण दुसरे पुस्तक नाही. पुढच्या वाचणारीला उपयोग होईल असे वाटले तर चिकटवावी, नाही तर तुमच्याजवळ ठेवावी.

पिशवीचा बंद उसवला होता. मी शिवला आहे. वाकडा आहे, पण टिकेल. तीन पुस्तके पाठवावीत, चिठ्ठ्या असलेली.

हैबतराव

(सोबतची चिठ्ठी)

सभासद क्र. ११४ यांच्याकरिता.

यातील बाई नवऱ्याला एक प्रश्न विचारते. तो वहीत आकडा लिहीत असतो आणि वर न बघता उत्तर देतो. ती त्याचे ऐकते. बाई शहाणी आहे, पण तिने हे एक ऐकायला नको होते. तिने स्वतःचे नाव सांगितले असते तर त्याने वर पाहिले असते, असे वाटते. खात्री देता येत नाही.

भरे.